इराचं मराठी

१

साडेपाचला उठायचं, कुकर लावायचा, दोन डबे भरायचे, देवाजवळ दिवा लावायचा आणि सात वाजून दहा मिनिटांनी फ्लॅटचं लोखंडी ग्रिल ओढून घेऊन लिफ्टकडे निघायचं, हा अरुणाचा सोळा वर्षांचा शिरस्ता होता. पासिर रिसला अकराव्या मजल्यावर घर, आणि एमआरटीने एकच स्टेशन पुढे, तांपिनीसला ऑफिस. एका मालवाहतूक कंपनीत ती कागदपत्रं सांभाळायची. नवरा हेमचंद्र बँकेत होता. दोघं पुण्याहून इकडे परदेशात आले तेव्हा मुलगी, इरा, पाच वर्षांची होती.

२०१५ च्या ऑगस्टअखेरीपासून या शिरस्त्यात एका गोष्टीची भर पडली. निघण्यापूर्वी अरुणा इराजवळ थांबायची आणि तिचा श्वास चालू आहे ना ते बघायची.

इरा आता एकवीस वर्षांची होती. इंग्लंडच्या उत्तरेला पुरातत्त्व शिकत होती. त्या उन्हाळ्यात तिच्या कॉलेजचं उत्खनन एका उंच, उघड्या माळावर चाललं होतं. झाड नाही, घर नाही, गुडघाभर जांभळट झुडपं आणि पायाखाली काळी, ओली माती. मधोमध दगडांची एक रास. चार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी पुरून वर रचलेली. इरा तिला केर्न म्हणायची. तिने फोटो पाठवला तेव्हा अरुणाला तो रस्त्याच्या कामासाठी ओतलेल्या खडीसारखा वाटला होता, आणि तसं सांगितल्यावर इरा फोनवर खूप हसली होती.

राशीच्या पोटात चार शिळा उभ्या करून केलेली एक पेटी निघाली. जेमतेम चार फूट लांब. झाकणाची शिळा उचलली तर आत काहीच नव्हतं. तिथली माती हाडंसुद्धा शिल्लक ठेवत नाही, असं इराने सांगितलं होतं.

सुट्टीच्या एका दिवशी, खड्ड्यावरचं प्लास्टिक वाऱ्याने उडालं नाही ना हे बघायला इरा भल्या सकाळी एकटीच माळावर गेली आणि धुकं उतरलं. दोन दिवस आणि दोन रात्री ती कुणाला सापडली नाही. तिसऱ्या सकाळी शोधपथकाला ती त्या पेटीत दिसली. कुशीवर, गुडघे छातीशी घेतलेले, हनुवटी गुडघ्यांना टेकलेली. अंग बर्फासारखं, पण जीव होता. हेमचंद्र मिळेल त्या विमानाने गेला, दोन आठवडे हॉस्पिटलमधे तिच्या उशाशी बसला आणि तिला घरी घेऊन आला.

२

इरा फार कमी बोलायची. मोठा धक्का बसलाय, वेळ लागेल, घाई करू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पण जे काही ती बोलायची ते मराठीत बोलायची, आणि याचंच अरुणाला अप्रूप वाटत होतं. इतकी वर्षं अरुणा मराठीतून विचारायची आणि इरा इंग्रजीतून उत्तर द्यायची, तेही शेवटी 'लाह' लावून, इथल्या शाळेतल्या पोरांसारखं. कितीदा रागावून झालं होतं, मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गाला घालून झालं होतं, काही उपयोग झाला नव्हता.

आल्याच्या दिवशी संध्याकाळी अरुणा तिच्यासाठी चहा घेऊन गेली. इराने वर बघितलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

अरुणा चहा तसाच ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि सिंकचा नळ सोडून रडली.

नंतरच्या दिवसांत आणखी थोडी वाक्यं आली. "अंगावर घे काहीतरी." "पोचलीस की कळव." एकदा हेमचंद्र चपला घालत होता तर मागून, "हळू जा गं, घाई करू नकोस." तो हसला. बापाला 'गं' म्हणतेय, म्हणाला, होईल हळूहळू नीट.

तिची खोली होती, पलंग होता, एसी होता. पण तिसऱ्याच दिवशी ती शेल्टरमधे झोपायला लागली. नव्या सरकारी इमारतींमधे प्रत्येक घरात बॉम्बहल्ल्यापासून बचावासाठी अशी एक खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, वारा यायला दोन भोकं आणि बँकेच्या तिजोरीसारखं पोलादी दार. सगळेच तिचा अडगळीसाठी वापर करतात. अरुणाकडेही तिथे तांदळाची पोती, सूटकेसा आणि गणपतीच्या आराशीची खोकी होती. इराने ते सामान एकेक करून बाहेर काढलं, फरशीवर चटई टाकली आणि कुशीवर झाली. दार पूर्ण लागू नये म्हणून हेमचंद्रने फटीत एक लाकडी ठोकळा बसवला. तिने ठोकळ्याकडे बघितलं, पण काढला नाही.

तिला घाम येत नसे. सप्टेंबरची दुपार, बाहेर माणसं पाण्यातून काढल्यासारखी भिजायची, आणि इराचा हात हातात घेतला तर खालच्या फरशीसारखा थंड लागायचा. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्ताभिसरण सुधारेल.

एका रविवारी जेवताना इरा मधेच म्हणाली, "शुभदामावशीचा फोन आला होता."

शुभदा ही अरुणाची मावसबहीण, बुकित बातोकला राहायची. अरुणाने जेवण झाल्यावर तिला फोन लावला. शुभदा चकित झाली. "अगं, मी कुठे केला फोन? तुम्हाला त्रास नको म्हणून मी महिनाभर मुद्दाम गप्प बसलेय."

अरुणा म्हणाली, असेल तिचा काहीतरी घोटाळा. पण भांडी घासताना ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. तसं त्यात काही नव्हतं. फक्त ते कधीतरी ऐकलेलं होतं.

३

मोकळी हवा मिळावी म्हणून हेमचंद्रने पुढच्या रविवारी पुलाउ उबीनला जायचं ठरवलं. लहानपणी इराचं ते बेट फार आवडतं होतं. चांगीच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने पलीकडे जायचं, भाड्याने सायकली घ्यायच्या, जुन्या लाकडी घरांवरून झाडीतल्या रस्त्याने फिरायचं.

यावेळी सायकल कुणी घेतली नाही. तिघं चालत जुन्या खाणीपर्यंत गेले. खाणीत आता पाणी भरलंय, भोवती कुंपण आहे. कुंपणाच्या अलीकडे ग्रॅनाइटचे काही फुटके धोंडे पडले होते, वेलींनी अर्धे झाकलेले. हेमचंद्र नारळपाणी आणायला मागे वळला. अरुणाने पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि मान वर केली, तर इरा त्या धोंड्यांच्या मधे जमिनीवर कुशीवर झोपली होती, गुडघे छातीशी घेऊन. डोळे उघडे. चेहऱ्यावर भीती नाही, दुःख नाही. दमून घरी आलेलं माणूस सोफ्यावर टेकतं तशी ती तिथे टेकली होती.

अरुणा तिच्याजवळ उकिडवी बसली, तिला उठ म्हणाली, ओढून बघितलं. ओलसर जागा होती, डासांचं मोहोळ उठलं होतं. अरुणाच्या हातापायांवर मिनिटभरात गांधी आल्या. इराच्या उघड्या दंडाभोवती ते डास गोल फिरत होते आणि एकही बसत नव्हता.

परतीच्या बोटीत अरुणाने मुलीचा हात मांडीवर घेतला आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने तपासला. कोपराखाली सातव्या वर्षी इस्त्रीचा चटका बसलेला डाग होता. अंगठ्याच्या मुळाशी तीळ होता. करंगळीचं नख जन्मापासून जरा तिरकं, तेही होतं. सगळं जागच्या जागी होतं. आपण काय शोधतोय हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि तिने तो थंड हात दोन्ही हातांनी दाबून धरला.

४

शुक्रवारी दुपारी अडीचच्या सुमाराला तिने ऑफिसमधून घरच्या फोनवर फोन लावला. इरा उचलत नसे. पण दुपारी एकदा रिंग द्यायची, ती वाजतेय हे ऐकायचं, एवढ्यानेच अरुणाला बरं वाटायचं.

त्या दिवशी तो उचलला गेला.

"अगं, आई बोलतेय," पलीकडून आवाज आला. "जेवलीस का?"

अरुणाला वाटलं आपलाच आवाज लाइनवर उलटा येतोय. आवाज इराचा होता, पण 'अगं' लांबवायची पद्धत तिची स्वतःची होती. 'बोलतेय'नंतर घेतलेला तो बारीकसा श्वासही तिचाच. तिने विचारलं, इरा, काय म्हणालीस? पलीकडून उत्तर आलं, "मी मीटिंगमधे आहे गं, नंतर बोलते." आणि फोन ठेवला गेला.

शेजारच्या टेबलावरच्या मलय बाईने काय झालं म्हणून विचारलं. अरुणा काही नाही म्हणाली, मोबाइल घेऊन जिन्यात गेली, पायरीवर बसली आणि इराच्या नावाखालचे जुने निरोप उघडले. अरुणाला टाइप करायचा कंटाळा. ती नेहमी बोलून निरोप पाठवायची. ऑगस्टच्या त्या दोन दिवसांत तिने सतरा पाठवले होते. सतराच्या सतरा ऐकल्याची निळी खूण होती. पेटीत इराच्या मुठीत सापडलेला तो फोन बंद पडेपर्यंत तिने दुसरं काही केलं नसावं.

अरुणाने दुसऱ्यापासून एकेक लावला.

"अगं, आई बोलतेय. जेवलीस का? शुभदामावशीचा फोन आला होता, तुझी चौकशी करत होती." "अंगावर घे काहीतरी, तिकडे गार असेल." "हळू जा गं, घाई करू नकोस. पोचलीस की कळव."

तीन आठवड्यांत इराच्या तोंडून आलेलं प्रत्येक वाक्य त्यात होतं, आणि त्याबाहेरचं एकही वाक्य तिच्या तोंडून आलं नव्हतं.

त्या सतरांतला सगळ्यात पहिला निरोप अरुणाने शेवटी लावला. तिने तो कुणाला ऐकवला नव्हता, हेमचंद्रलाही नाही. त्या दिवशी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, म्हणजे तिकडे सकाळी, धुक्यात वाट चुकलेल्या इराने पोलिसांना नाही, मैत्रिणीला नाही, आईला फोन केला होता. आईने तो कापला होता. आणि हा निरोप पाठवला होता.

"मी मीटिंगमधे आहे गं, नंतर बोलते."

५

तिने हेमचंद्रला सगळं सांगितलं, तो कापलेला फोनसुद्धा. तो समजुतीने म्हणाला की यात विचित्र काहीच नाही. ज्या आवाजाच्या आधारावर पोर दोन दिवस जगली, तीच वाक्यं तिच्या डोक्यात बसली आहेत. उलट आईला हे ऐकून बरं वाटायला हवं.

अरुणालाही हे पटत होतं. बुद्धीला सगळंच पटत होतं.

"हेम," ती म्हणाली, "ती इरा नाहीये."

"अरुणा, मी तिला हाताला धरून आणलंय. चांगी एअरपोर्टवर गेटपाशी तिने मशीनवर अंगठा ठेवला आणि गेट उघडलं. मशीनला मुलगी ओळखता आली, आणि तू..." त्याचे डोळे भरले होते. तिथून पुढे हा विषय काढला की तो खोलीतून उठून जायचा.

अरुणाने उत्खननाच्या प्रमुख प्राध्यापकांना फोन केला. वयस्कर, सभ्य गृहस्थ होते. अपघाताबद्दल त्यांनी पुन्हा माफी मागितली. अरुणाने विचारलं, ती पेटी आता कशी आहे? ते म्हणाले, काम संपलं. नियमाप्रमाणे झाकणाची शिळा परत बसवली आणि रास होती तशी रचून दिली, गेल्याच आठवड्यात. आत कुणी नव्हतं ना, अरुणाने विचारलं. ते हळुवारपणे म्हणाले, नव्हतं. ती रिकामी होती. पहिल्यापासून रिकामीच होती.

६

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धूर वाढला. सुमात्रातली जंगलं पेटली की दरवर्षीच थोडा येतो, पण त्या वर्षी समोरची इमारत दिसेनाशी झाली. एका शुक्रवारी शाळांना सुट्टी दिली गेली. अरुणाच्या ऑफिसनेही घरून काम करा म्हणून सांगितलं. खिडक्या बंद, दिवे लावलेले, भर दुपारी घरात पिवळट अंधार.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ती काम करत होती. हेमचंद्र बँकेत गेला होता. तेव्हा शेल्टरमधून आवाज आला.

"आई? आई, सो डार्क लाह."

अरुणा जागची हलू शकली नाही. तो इराचा आवाज होता, तिचा हेल, तिचं इंग्रजी, तिने हाक मारलेली 'आई'. जवळजवळ दीड महिन्यात पहिल्यांदा. अरुणाच्या मनात आलं, सुटलो. पोर परत आली. खुर्ची मागे लोटून ती धावली आणि ते जड दार दोन्ही हातांनी ओढून उघडलं.

चटईवर ती कुशीवर पडली होती, भिंतीकडे तोंड करून. अरुणाने खांद्याला धरून तिला वळवलं. डोळे उघडे होते आणि कशावरच नव्हते. तोंड उघडं होतं. ओठ हलत नव्हते, जीभ हलत नव्हती. विहिरीतून यावा तसा आवाज त्या तोंडातून वर येत होता, आणि त्याबरोबर ओल्या, काळ्या, थंड मातीचा वास.

"दे पुट बॅक ऑल द स्टोन्स, आई. आय हर्ड देम. वन बाय वन."

अरुणा भिंतीला पाठ घासत खाली बसली. पेटीत आईचे निरोप वाजले होते, आणि ते ऐकणाऱ्या दोघी होत्या. त्यातली एक घरी आली होती. ती तेव्हाही ऐकलेलंच बोलत होती. आताही ऐकलेलंच बोलत होती.

तिने त्या कानाजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "इरा, मी आहे. मी इथे आहे." कितीतरी वेळा म्हणाली. आवाज आपल्याच नादात बोलत राहिला, पाय लांब करता येत नाहीत, पाणी कुठून तरी ठिबकतंय पण तोंडापर्यंत येत नाही. मग थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा आला. "समवन इज टॉकिंग," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आई, इज दॅट यू?"

अरुणाने नोकरीवर बिनपगारी रजा टाकली. हेमचंद्र सकाळी आठला जायचा आणि सातला परतायचा, आणि त्याच्यासमोर तो आवाज कधी आला नाही. तिने मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याला ऐकवलं, तर त्यात फक्त तिचंच बोलणं होतं. त्याने डॉक्टरबाईंना गाठून तिच्यासाठी गोळ्या आणल्या. ती त्या घ्यायची. काहीच फरक पडला नाही.

रोज दुपारी ती शेल्टरच्या फरशीवर, त्या थंड अंगाला चिकटून आडवी व्हायची आणि कानात बोलायची. काय बोलू हे सुचेना तेव्हा आज काय शिजवलं ते सांगायची. एका दुपारी आवाज म्हणाला, "आय वॉन्ट युअर आमटी राइस. लॉट्स ऑफ तूप." त्या दिवशी अरुणाने आमटीभात केला आणि ताट समोर ठेवून बसून राहिली. दोघींनीही हात लावला नाही.

जाऊन हातांनी दगड उपसावेत, हे पहिल्या दिवसापासून तिच्या मनात होतं. प्राध्यापकांना तिने आणखी दोनदा फोन केला. त्यांनी जमीनमालकाची परवानगी, थंडी, बंद झालेला रस्ता हे सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी तुम्ही कुणाशी तरी बोला, असं सुचवलं. परवानगी गेली उडत, तिला ती नकोच होती. तिकीट काढायला ती बसायची आणि हात थांबायचा. विमानात चौदा तास, पुढे रेल्वे, पुढे माळ. तेवढा सगळा वेळ इरा हाका मारणार आणि या कानाशी कुणी नसणार. एकदा तिने फोन कापला होता. पुन्हा कापायचा?

ऑक्टोबरच्या मध्यावर आवाज बारीक व्हायला लागला. आज चार वाक्यं, उद्या दोन. तेव्हा मात्र तिने तिकीट काढलं. दिवाळी घरी कर आणि मग जा, मी अडवणार नाही, असं हेमचंद्रने हात जोडून सांगितलं, म्हणून बारा नोव्हेंबरचं काढलं. कानात तिने तारीख सांगितली. रोज सांगत राहिली. बारा तारखेला निघतेय गं, तेवढे दिवस धीर धर.

ऑक्टोबरच्या अखेरीला एका दुपारी वाऱ्याची दिशा बदलली, सोसाट्याचा पाऊस आला आणि धूर खाली बसला. कित्येक आठवड्यांनी समोरच्या इमारतीवरचे कपडे दिसले. अरुणा शेल्टरमधे होती. आवाज इतका हलका आला की तिने आपला श्वास रोखला.

"आई, युअर मीटिंग फिनिश ऑलरेडी?"

"संपली," अरुणा म्हणाली. "संपली गं. बोल. मी ऐकतेय."

बराच वेळ काही नाही.

"नेव्हर माइंड लाह," इरा म्हणाली. "यू गो फर्स्ट."

७

नंतर नऊ दिवस शेल्टरमधून काही आलं नाही. अरुणा रोज दुपारी कानाशी बोलत राहिली. पाचव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की हात लावतोय ते अंग गरम आहे.

दिवाळीच्या दिवशी सकाळी इरा स्वतःहून शेल्टरच्या बाहेर आली. तिने तेल लावून घेतलं, आंघोळ केली, हिरवा कुडता घातला. दुपारी शुभदा आणि तिचा नवरा निशिकांत जेवायला आले, चकल्यांचा डबा घेऊन. इराने दार उघडलं आणि "शुभदामावशी, सो लाँग नेव्हर सी यू!" म्हणून तिच्या गळ्यात पडली. शुभदा रडायलाच लागली.

टेबलाभोवती चौघं बसले. एसी चालू होता तरी इराच्या कपाळावर घाम होता आणि ती तो हाताच्या पालथ्या बाजूने पुसत होती. हेमचंद्र तिच्याकडून नजर काढत नव्हता. निशिकांतने काहीतरी विनोद केला, ती हसली, तिच्या जुन्या सवयीप्रमाणे आधी तोंडावर हात ठेवून. शुभदा अरुणाच्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "देवाची कृपा गं. पोर परत मिळाली तुला."

अरुणा वाढत होती. ती पोरीकडे बघत नव्हती, पण ऐकत होती. इरा बोलत होती ते एकेक वाक्य तिला ओळखू येत होतं. हे गांधीजयंतीच्या दिवशी दुपारचं. हे घटस्थापनेचं, तेव्हा ती खूप रडली होती. हे त्यानंतरचं, पाण्याबद्दलचं. अंधारात म्हटलेली ती वाक्यं आता उजेडात, हसऱ्या चेहऱ्याने, योग्य जागी, योग्य माणसाला म्हटली जात होती, आणि ऐकणाऱ्या कुणालाही त्यात काही कमी वाटत नव्हतं.

"आई," इरा म्हणाली, "आय वॉन्ट युअर आमटी राइस. लॉट्स ऑफ तूप."

हेमचंद्र उठून स्वयंपाकघरात आला. अरुणा गॅसजवळ पाठमोरी उभी होती, तुपाची वाटी हातात धरून. तो कितीतरी दिवसांनी तिच्या इतक्या जवळ उभा राहिला. दोघांनी काय काय सोसलं, असं काहीसं तो पुटपुटला. मग त्याने विचारलं, "तुझं बारा तारखेचं तिकीट... रद्द करू ना आता?"

बाहेर शुभदा इराला आणखी एक चकली घे म्हणून आग्रह करत होती. अरुणाने कान दिला. तिने घरभर कान दिला, शेल्टरच्या उघड्या दारापर्यंत, तिथल्या रिकाम्या फरशीपर्यंत. कुठूनही काही आलं नाही.

"कर," ती म्हणाली.

मग तिने भाताचं भांडं उचललं, बाहेर आली आणि त्या मुलीच्या पानात भात वाढला, वर आमटी घातली, आणि ती पुरे म्हणेपर्यंत तूप सोडत राहिली.